राखेतली निलगिरी

टेकडीला आग माझ्या हातून लागली. मार्च संपत आला होता, सकाळचे साडेआठ-नऊ वाजले असतील, आणि मला कॉलेज गाठायचं होतं.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं. जामला मोठा रस्ता सोडला की बस आतल्या डांबरी रस्त्याला लागते, आणि शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर टेकडीच उभी असते. सरकारी कागदांत तिची नोंद झुडपी जंगल अशी आहे. खालच्या उतारावर निलगिरीच्या रांगा. त्यांच्या वर बैलगाडी जाईल एवढा उघडा पट्टा, त्याला जाळरेषा म्हणतात. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून तो पट्टा उन्हाळ्याआधी साफ करून ठेवायचा असतो. जाळरेषेच्या वर जुनं रान: पळस, धावडा, तेंदू, आवळा, मोह आणि मधूनमधून टक्कल पडल्यासारखी मोकळी जमीन.

ती निलगिरी बाबांनी लावली होती. त्यांनी एकट्याने नाही, पण खड्डे खोदणाऱ्यांत ते होते. माझा जन्म व्हायचा होता तेव्हा. आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे शेती नव्हती. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून दुसऱ्याचा हुकूम ऐकायचा, हीच पद्धत. त्या वर्षी टेकडीवर झाडं लावण्याचं सरकारी काम निघालं आणि बाबांना पहिल्यांदा असं काम मिळालं जिथे त्यांना नावाने हाक मारली जात होती, हजेरीवर नाव लिहिलं जात होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांतली बोटभर रोपं ट्रॅक्टरने आली. दोरी धरून रेघ आखायची आणि रेघेत खड्डे घ्यायचे. बाबा म्हातारे होईपर्यंत सांगायचे, "एकबी रांग वाकडी नाई. पाहून घे." मी पाहिलं होतं. खरंच एकही वाकडी नव्हती.

पुढे त्या झाडांचं कौतुक ओसरलं. त्यांच्याखाली गवत धरत नव्हतं, बकऱ्या तोंड लावत नव्हत्या. एकदा सगळी झाडं तोडून नेली, तर प्रत्येक खुंटातून तीन-तीन, चार-चार फुटवे आले आणि पाच-सहा वर्षांत पुन्हा तेवढीच उंच झाली. मायला सरपणापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. ती सरळ जाळरेषा ओलांडून वर जायची. मोहफुलं, आवळे, तेंदूपत्ता, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी, सगळं तिला वरच मिळायचं.

बाबा साठीकडे झुकले तेव्हा उन्हाळ्यापुरते फायर वॉचर झाले. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत टेकडीवर फिरायचं, धूर दिसला की कळवायचं, जमली तर आग मारायची. त्याच काळात त्यांना वरच्या टकलावर झाडं लावायचा नाद लागला. कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही चारं खायचो, म्हणजे चारोळीची ती काळी गोड फळं. खाऊन झाली की माय बिया राखेत घोळून ठेवायची आणि पहिल्या पावसानंतर बाबा त्या वर नेऊन लावायचे. चार हे झाड जगवायला कठीण. दहा बिया लावल्या तर दोन उगवायच्या, आणि त्यांतलं एक बकरीने खायचं. तरी सात वर्षांत त्यांनी चाळीसेक चार उभे केले होते. प्रत्येकाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. उन्हाळ्यात दोघं नवराबायको नाल्यातल्या झिऱ्यातून डब्यांनी पाणी न्यायचे. मोठ्यात मोठं झाड माझ्या खांद्याला लागलं होतं. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा मोहोर आला होता.

मी बोरगाव मेघेला राहते आणि वर्ध्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्या वेळी शनिवारी गावी जायचं आणि सोमवारी सकाळच्या बसने परत यायचं, असा माझा नेम होता. त्या सोमवारी मायसोबत मोह वेचायला गेले, कारण बसला वेळ होता आणि तिची कंबर धरली होती. आमचा एक मोह मात्र जाळरेषेच्या खाली, निलगिरीच्या शेवटच्या रांगेला अगदी लागून होता. मोहाखाली वाळक्या पानांचा थर साचतो, फुलं त्यात हरवतात. म्हणून लोक झाडाखालची पानं जाळून टाकतात, मग काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबून दिसतात. बाबा फायर वॉचर झाल्यापासून आमच्या घरात ते बंद होतं. माय शिंदीच्या फड्याने पानं लोटायची. त्या सकाळी दोनदा लोटून ती उठून उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून तशीच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, सरळ होता येत नव्हतं.

"तू पुढच्या झाडाखाली जाय," मी म्हटलं. "इथलं मी पाहतो."

"काय पाहतं?"

"झाडतो वं. जाय तू."

ती गेली. मी तिच्या पदराच्या गाठीतली काडीपेटी काढून घेतली होती. मनात एवढंच होतं की पुढचे पंधरा दिवस तिला वाकून लोटावं लागू नये. पळसाची एक हिरवी फांदी तोडून हातात घेतली, पानांचा ढीग मध्ये केला, भोवती हातभर जागा मोकळी केली आणि काडी लावली. दोन मिनिटं सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग वारा फिरला. ढिगातली चार-पाच पानं उचलली गेली आणि निलगिरीच्या खालच्या कचऱ्यात पडली. मी धावले, फांदीने झोडपलं. एक जागा विझवली की दुसरीकडे पेटायचं. निलगिरीची पानं तेलकट, ती पेट घेताना तडतडतात, तो आवाज मला अजून ऐकू येतो. खोडांवर सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत होत्या. आग त्या पट्ट्यांवरून वर चढली आणि पेटत्या साली वाऱ्यावर सुटल्या. माझ्या डोळ्यांसमोर एक पट्टी जाळरेषेच्या वरून तरंगत गेली आणि पलीकडच्या गवतात उतरली. तो पट्टा बाबांनी पंधरा दिवस खपून झाडला होता, त्यावर काडी नव्हती. तो त्या क्षणी काहीच कामाचा राहिला नाही.

माय ओरडत आली. खालून मोहल्ल्यातली माणसं आली. बाबा टेकडीच्या दुसऱ्या टोकाला होते, ते धूर बघून धावत आले आणि आम्हा कुणाकडे न बघता सरळ चारांच्या दिशेने गेले. आम्ही सगळेच फांद्या घेऊन मागे गेलो. दुपारी बारा-साडेबारापर्यंत झोडपत होतो. नाल्याच्या वर खडकाची मोठी शिळा आहे, तिथे आगीला जळायला काही उरलं नाही म्हणून ती थांबली. आमच्यामुळे थांबली नाही. बाबांच्या चपलेचे तळ वितळून पायाला चिकटले होते. ते त्या सगळ्यांत मोठ्या चाराजवळ उभे होते. काट्यांचं कुंपण पेटल्यामुळे ती झाडं उलट जास्तच भाजली होती. राखण म्हणून घातलेल्या काट्यांनीच त्यांना जाळलं होतं.

"कोनं लावली?" बाबांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता.

मी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत माय म्हणाली, "म्या."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "मोहाखालचा पाला जाळत होती," ती म्हणाली. "कंबर धरली. वाकनं होत नोहतं."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. त्या वेळी मी ‘मी लावली’ असं म्हणू शकले असते, एका श्वासाचं काम होतं. मी राखेत उभी राहिले आणि गप्प राहिले.

बाबा तिला चार माणसांसमोर बोलले. तिला असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सात वर्सं," ते म्हणाले. "तुले मालूम नोहतं का? दुसऱ्याच्या बायकोले म्या हात जोडून सांगतो का जाळू नका, अन् माह्याच घरात?" आणि शेवटी म्हणाले, "आजपासून या टेकडीवर पाय ठेवजो नको."

घरी आल्यावर चुलीजवळ मी तिला म्हटलं, मी सांगते. तिने माझा दंड धरला. तिची बोटं काळी होती. "येडी झाली का? जंगलाची आग हाय. चौकशी लागली तं तुह्या नोकरीचं काय? माह्यं काय जाते? मले कोन काय करते?" मग म्हणाली, "तू माह्यासाठीच लावली, मले मालूम हाय." आणि भाकरी थापायला बसली.

बाबांनी त्याच दिवशी वनरक्षकाला निरोप धाडला. तो आल्यावर म्हणाले, "माह्या घरच्या मानसानं लावली साहेब. मी आता हे काम करू शकत नाई." त्याने समजूत काढली, असं होतं म्हणाला, कागदावर कुणाचं नाव लिहिलं नाही. पण खात्याने दिलेली शिटी आणि टोपी बाबांनी परत केली. मी दुपारच्या बसने निघाले. जामला बस बदलताना रसवंतीच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं, भुवया जळालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींनी विचारलं तर स्वयंपाक करताना भाजलं म्हणून सांगितलं.

वर्गात मी दरवर्षी शिकवत आले होते की काही झाडं आगीसाठीच घडलेली असतात. निलगिरी ऑस्ट्रेलियातली. तिच्या सालीखाली सुप्त कळ्या असतात, खोड भाजलं की त्या जाग्या होतात. मुळाशी एक गाठ असते, तिच्यात शिदोरी भरलेली असते, वरचं सगळं गेलं तरी तिच्यातून फुटवे येतात. उष्णतेने वाळलेली बोंडं उकलून बी गळतं. फळ्यावर आकृती काढायचे, नावं लिहायचे. ते सगळं दुसऱ्या कुठल्या मुलखाचं, अशा आवाजात सांगायचे.

एप्रिलच्या शेवटी गावी गेले तेव्हा खालच्या उतारावर काळी खोडं उभी होती आणि त्या खोडांना खालपासून वरपर्यंत हिरवे झुपके फुटले होते. लांबून वाटावं, कुणी कोळशाच्या खांबांना हिरवी लोकर गुंडाळली आहे. वर काही नव्हतं. मग मे संपताना पळस मुळातून फुटला, तेंदूचे लालसर कोंब आले, मोठे मोह तर जगलेच होते. त्यांना आगीची थोडी सवय असावी. चार एकही फुटला नाही. बाबा प्रत्येकाची साल नखाने खरवडून बघायचे. खाली हिरवं दिसेल म्हणून. जूनपर्यंत बघत राहिले.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. एरवी ते फोन करत नसत, मायच करायची. "रविवारी येजो," ते म्हणाले. "एक दाखवाचं हाय."

आम्ही दोघं वर गेलो. माय दारात उभी राहून बघत होती. ती तेव्हा टेकडीवर येत नव्हती. चारांच्या टकलावर राख पावसाने बसून काळा गुळगुळीत थर झाला होता आणि त्यात वीतभर उंचीची रोपं उगवली होती. निळसर पानं, चौकोनी कांडी. बाबांनी एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. वासाची गरज नव्हती.

"हे म्या नाई लावली," ते म्हणाले.

मी खाली बसले. जाळरेषेपासून वर शंभर-दीडशे पावलांपर्यंत मोजता येणार नाहीत एवढी होती. निलगिरीचं बी चहाच्या चुऱ्यासारखं बारीक असतं. एरवी ते गवतात, पाल्यात पडतं, मुंग्या नेतात, कोंब आला तरी गवत त्याला वर येऊ देत नाही. इतकी वर्षं खालच्या झाडांनी बी टाकलं असेल, पण जाळरेषेच्या वर एक रोप कधी कुणी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे निलगिरी आपोआप फारशी पसरत नाही, असंच मी शिकले आणि तसंच शिकवलं. आगीने गवत नेलं, पाला नेला, मुंग्या नेल्या, सावली नेली. जमीन उघडी केली आणि वर राखेचं खत घातलं. त्याच दिवशी बोंडं उकलली. एवढं सगळं जुळून यायला एक काडी लागली होती.

हे मी बाबांना सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे त्याईच्या देशात आग म्हणजे पेरनीच." आणि वाकून उपटायला लागले.

ओल्या जमिनीतून रोपं सहज निघत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन पोती भरली. पुढचे चार-पाच रविवार मी जात राहिले. बाबा रोज जायचे. गवत वाढलं तशी रोपं दिसेनाशी झाली, आणि आम्हाला वाटलं संपली.

पुढच्या उन्हाळ्यात टेकडी पुन्हा जळली. या वेळी आग पलीकडच्या गावाच्या बाजूने आली, कुणी लावली ते कळलं नाही. आता वर झाडांची सावली कमी आणि गवत जास्त, म्हणून ती पळाली भराभर. पावसाळ्यात आम्ही वर गेलो तर नव्या रोपांच्या जोडीला जुनी होतीच. आमच्या हातून सुटलेली. वरून जळून गेली होती आणि खालून तीन-तीन फुटव्यांनी आली होती. बाबांनी एक ओढलं, ते निघालं नाही. सब्बलने, म्हणजे पहारीने, खणून काढलं. मुळाच्या तोंडाशी बोराएवढी गाठ होती. मी ती हातात घेतली, चिखल पुसला. इतकी वर्षं जी आकृती काढत होते तिची गाठ पहिल्यांदा हाताला लागली.

"एवढीशी पोर," बाबा म्हणाले, "अन् पुढच्या आगीची तयारी करून बसली."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी बाबांनी अंगणातून मायला हाक मारली. मी तिथेच होते. "चाल," ते म्हणाले. "माह्या डोळ्याले आता गवतातलं दिसत नाई. तुले दिसते." एवढंच. माय भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं, खुरपं उचललं, आणि काही न बोलता त्यांच्या मागे चालायला लागली. दोन वर्षांनी ती टेकडीवर येत होती. जाळरेषेवर आल्यावर ती थांबली आणि वर बघत राहिली. तिने सोडलेल्या आणि समोर दिसणाऱ्या टेकडीत बराच फरक पडला होता. "बापा," एवढंच म्हणाली.

तिची नजर खरंच तेज होती. गवत बाजूला न करता ती सांगायची, इथे एक आहे, तिथे दोन आहेत. आम्ही तिघं त्या पावसाळ्यात कितीतरी दिवस वर गेलो. दुपारी मोहाखाली बसून भाकरी खायचो. बाबा आणि माय पूर्वीसारखं बोलायला लागले होते, बकऱ्यांचं, शेजारच्या सुनेचं, विहाराच्या पत्र्याचं. मला ते दिवस सुखाचे वाटायला हवे होते. एकदा बाबा पाणी आणायला नाल्यावर गेले तेव्हा मी मायला म्हटलं, "आता सांगू का?"

"काऊन?" ती म्हणाली. "आता सारं बरं हाय न?"

त्या थंडीत तिची किडनी गेली. पायांना सूज आली तेव्हा आम्ही उशीर केला, ती चूक आमची होती. सावंगीच्या दवाखान्यात तिला तीन आठवडे ठेवलं. मी कॉलेजमधून सरळ तिथे जायचे. तिच्या कॉटवरून खिडकीतून बाहेर निलगिरीची एक रांग दिसायची, कुंपणाला लावलेली. तिने एकदा त्यांच्याकडे बोट केलं आणि हसली. आणि एका दुपारी, बाबा खाली चहा प्यायला गेलेले असताना, तिने मला जवळ बोलावलं. "त्याईले सांगू नको," ती म्हणाली. "मी गेल्यावरबी नको सांगू. त्याईचा जीव दुखन."

मी हो म्हटलं.

ती गेली. विहारात पुण्यानुमोदन झालं. लोक तिच्याबद्दल बोलले, कष्टाळू होती, कुणाला उलटून बोलली नाही. बाबा शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसले होते. बाहेर पडताना शेजारच्या काकू हळूच मला म्हणाल्या, "तुह्या मायनं एक टेकडीचं तेवढं चुकवलं, नाई तं बाई सोन्याची होती." त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. गावात तिच्या नावाशी ते जोडलं गेलं होतं आणि तसंच राहणार होतं.

दीड महिन्याने मी बाबांना सांगितलं. सकाळची वेळ होती, आम्ही वर त्या शिळेवर बसलो होतो, मध्ये सब्बल पडलेली. मी सगळं क्रमाने सांगितलं: तिची कंबर, काडीपेटी, वारा, साल. ते समोर बघत होते.

मग म्हणाले, "तुह्या मायनं मना केलतं का?"

"हो."

"मंग कायले सांगतलं?"

आजही मला वाटतं, मी ते त्यांच्यासाठी सांगितलं नाही. विहाराच्या दारात ऐकलेलं मला सोसत नव्हतं, ते खाली ठेवायला जागा हवी होती. ती जागा मी त्यांच्या अंगावर केली.

"चार मानसाईत बोललो तिले," बाबा म्हणाले. "दोन वर्सं तिले मोहाखाली येऊ देल्लं नाई. मोहाच्या दिवसात तिथं दारात बसून वर पाहत राहे ते. म्या पाहून न पाहिल्यासारखं केलं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अन् मी चाल म्हटलं तं उठून आली. एक शबद नाई बोलली."

ते उठले आणि उतरायला लागले. मी मागे गेले नाही. सब्बल तिथेच राहिली.

त्यानंतर त्यांनी रोपं उपटायचं सोडलं. मी फोन करायचे, ते जेवलो, झोपलो, एवढंच सांगायचे. मी रविवारी गेले तर कुणाच्या तरी शेतात काम आहे म्हणून निघून जायचे. एकटीने वर जाऊन पाहिलं, पण दोन हातांनी होण्यासारखं ते राहिलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत रोपं डोक्यावर गेली. त्यांच्याखालचं गवत विरळ झालं, वाळक्या सालीच्या पट्ट्या लोंबायला लागल्या. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आग आली आणि या वेळी तिला जाळायला निलगिरीच होती. बाजूला जिथे अजून पळस-तेंदू शिल्लक होते तिथे आग शिरली आणि पावसाळ्यात तिच्यामागून रोपं आली. एक नवीन वनरक्षक बदलून आला होता. त्याने बाबांना विचारलं, "काका, हे वरचं रोपवन कोणत्या सालचं?" बाबा म्हणाले, "कोनं लावलं नाई साहेब. आपल्यानं आलं." त्याचा विश्वास बसला नाही, असं गावातल्यांनी मला सांगितलं. खालच्या रांगा इतक्या सरळ होत्या की वरचीही कुणीतरी लावलीच असणार, असं त्याला वाटलं.

मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी बोरगावच्या माझ्या दाराशी बाबा उभे. हातात पिशवी. न कळवता आले होते. "जामले बस भेटली नाई," ते म्हणाले. "दोन घंटे बसलो." मी पाणी दिलं, पीठ मळायला घेतलं. ते मायच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले, मग खुर्चीत बसले. जेवताना दोनदा भाजी मागून घेतली. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला.

"ते राहू दे," ते म्हणाले. "शाळेत पोराईले शिकवतं का तू हे? आग लागली का निलगिरी कशी वाढते ते?"

"शिकवतो."

"मंग हेबी सांगत जाय का पहिली आग कोनं लावली." त्यांनी ताट पुढे सारलं. "गावात आता कोनाले सांगून फायदा नाई. कोनी ऐकनार नाई. पन कोठं तरी त्या आगीतून तिचं नाव सुटलं पायजे."

तीन दिवस राहिले आणि गेले. आता फोन करतात, महिन्यातून एक-दोनदा, थोडं बोलतात.

फेब्रुवारीत तो धडा आला. मी आकृती काढली, गाठ दाखवली, सुप्त कळ्यांची नावं लिहिली. मग खडू ठेवला आणि मुलांना सांगायला सुरुवात केली. मोहापर्यंत आले, मायच्या कंबरेपर्यंत आले, आणि पुढचं तोंडातून निघेना. मुलं वाट बघत होती. मागच्या बाकावर कुणीतरी वही मिटली. मी फळा पुसला आणि पुढच्या धड्याचं पान काढायला सांगितलं.

बाबांनी अजून विचारलेलं नाही.